शिडाची बोट वाचायची कशी? नवख्यांसाठी काही पायऱ्या

धक्क्यावर दहा-बारा शिडाच्या बोटी ओळीने बांधलेल्या असतात. पहिल्यांदा पाहणाऱ्याला त्या सगळ्या सारख्याच वाटतात : पांढरं धड, उंच काठी, दोऱ्यांचा गुंता. तरीही त्यातली एखादी नजर धरून ठेवते. पाय तिच्यापाशी थांबतात, पण का थांबले हे विचारलं तर सांगता येत नाही. ते सांगता यावं म्हणून हा लेख लिहितो आहे. बोटीची प्रत्येक रेषा हे समुद्राने घातलेल्या एखाद्या कोड्याचं उत्तर असते. कोडं कळलं की तीच रेषा आणखी देखणी दिसते, असा माझा अनुभव आहे.

सुरुवातीला चार शब्द पुरेत. बोटीच्या पुढच्या टोकाला नाळ म्हणतात आणि मागच्या भागाला पिछाडी. शीड ज्या खांबावर चढतं ती डोलकाठी, आणि धडाच्या तळाशी पाण्यात उतरलेला पंख किंवा कणा म्हणजे कील. बाकीचे शब्द वाटेत येतील तसे घेऊ.

पहिली पायरी : बोट पाण्याबाहेर असताना पाहा

बहुतेक नवखे शिडांपासून सुरुवात करतात आणि नावांच्या जंजाळात अडकतात. तुम्ही उलटं करा. रंगकामासाठी बोटी जिथे बाहेर काढून ठेवतात तिथे जा आणि तिचं पोट पाहा. बोटीचा स्वभाव तिथे असतो.

आधी कील पाहा. नाळेपासून सुकाणूपर्यंत एकसंध खाली उतरत गेलेली कील असेल, तर ती लांब कीलची जुन्या घराण्यातली बोट. ती सरळ रेषेत चालायला आवडणारी असते आणि लाटेने ढकललं तरी पटकन तोंड फिरवत नाही. सुकाणू कीलच्या मागच्या कडेलाच जोडलेलं असल्याने तरंगत्या ओंडक्याचा धक्का किंवा दोरखंडाचा विळखा त्याला सहसा बाधत नाही. याची किंमत अशी की बंदराच्या अरुंद जागेत ती वळता वळत नाही आणि मागे घेताना तर कुणाचंच ऐकत नाही.

याच्या दुसऱ्या टोकाला पंखासारखी अरुंद, खोल कील आणि तिच्यापासून दूर, पिछाडीखाली एकटंच लटकलेलं सुकाणू. १९६३ साली आलेल्या कॅल-४० या बोटीने ही रचना मोठ्या शर्यतींत यशस्वी करून दाखवली आणि पुढे सगळा प्रवाहच त्या बाजूला वळला. पाण्यात घासणारा पृष्ठभाग कमी, म्हणून वेग जास्त. वळणंही चपळ. पण अशी बोट सतत लक्ष मागते, आणि ते एकटं सुकाणू मोडलं तर मदतीला दुसरं काही नसतं. म्हणून लांब पल्ल्याच्या अनेक बोटींत मधला मार्ग दिसतो : मध्यम लांबीची कील, आणि सुकाणूच्या पुढे त्याला आधार देणारा एक छोटा पंख. मला स्वतःला ही तडजोड सगळ्यात शहाणी वाटते.

दोन कील शेजारी-शेजारी दिसल्या तर ती बोट ओहोटीला चिखलात सरळ उभी राहण्यासाठी बनवलेली आहे, एवढं लक्षात ठेवा. वर ओढून घेता येणारी कील असेल तर ती उथळ खाड्यांसाठी.

आता मागे जाऊन पिछाडी पाहा. काही बोटी मागूनही नाळेसारख्याच निमुळत्या असतात. यामागे नॉर्वेच्या कॉलिन आर्चर यांचं नाव येतं (१८३२–१९२१). त्यांनी कोळ्यांच्या बचावासाठी ज्या बोटी आखल्या, त्यांना हिवाळी वादळात किनाऱ्यापासून बाहेर पडून तिथेच टिकून राहायचं होतं. मागून येणारी उंच लाट सपाट पिछाडीवर आदळते, टोकदार पिछाडीवर ती दुभंगते, असा त्यामागचा विचार. ध्रुवीय समुद्रासाठी ‘फ्राम’ हे जहाजही याच आर्चर यांनी आखलं. त्याचं पोट मुद्दाम गोलसर ठेवलं, म्हणजे बर्फाने दोन्ही बाजूंनी आवळलं की ओल्या बोटांच्या चिमटीतून चिंचोका निसटावा तसं ते वर निसटेल. १८९३ ते १८९६ या काळात ते बर्फात अडकून वाहत राहिलं आणि धड परतलं. सुंदर म्हणावं असं ते जहाज नाही. पण त्याचं कोडं कळल्यावर त्या गरगरीत पोटाकडे पाहताना माझा ऊर भरून येतो.

आजकालच्या बोटींची पिछाडी रुंद आणि सपाट असते. आत दोन झोपण्याच्या खोल्या मावतात, बाहेर बसायला ऐसपैस जागा मिळते, वाऱ्याबरोबर धावताना वेगही मिळतो. त्यात काही गैर नाही. फक्त जास्त कलल्यावर अशा बोटीचं सुकाणू पाण्याबाहेर येऊ शकतं, म्हणून पुष्कळ ठिकाणी दोन सुकाणू बसवलेली दिसतील.

दुसरी पायरी : दोन सोपी गणितं

कागद-पेन्सिल घ्या. पाण्यावर तरंगणाऱ्या बोटीचा जेवढा भाग पाण्याला टेकतो त्याची लांबी फुटांत घ्या, तिचं वर्गमूळ काढा आणि १.३४ ने गुणा. उत्तर येईल तो त्या बोटीचा साधारण कमाल वेग, नॉटमध्ये, म्हणजे ताशी सागरी मैलांत. २५ फुटांचं वर्गमूळ ५, म्हणून वेग ६.७ नॉट. ३६ फुटांचं वर्गमूळ ६, म्हणून वेग ८ नॉटच्या किंचित वर.

हे असं का होतं, ते समजून घेण्यात मजा आहे. बोट चालताना स्वतःच एक लाट उभी करते. वेग वाढतो तशी ती लाट लांब होत जाते. एक शिखर नाळेपाशी आणि दुसरं पिछाडीपाशी आलं की बोट आपणच केलेल्या खळग्यात बसते. पुढे जायचं तर समोरची लाट चढावी लागणार, आणि तेवढी ताकद जड बोटीच्या शिडांत नसते. हलक्या बोटी मात्र ही लाट ओलांडून पाण्यावर घसरत जातात. त्यांना हे सूत्र लागू पडत नाही.

जुन्या बोटींची नाळ आणि पिछाडी पाण्यावर लांबवर बाहेर झुकलेली का असते, याचंही उत्तर इथेच आहे. शर्यतीच्या जुन्या नियमांत उभ्या बोटीची पाण्यावरची लांबी मोजत. मग रचनाकारांनी युक्ती केली : बोट बांधलेली असताना तोकडी, पण वाऱ्याने कलली की ते झुकलेले भाग पाण्यात उतरून ती लांब होणार आणि वेग वाढणार. ज्या डौलदार टोकांवर आपण भाळतो, त्यांच्या जन्मात नियमांचाही असा हात आहे.

दुसरं गणित वजनाचं. बोटीचं वजन लाँग टनांत घ्या (एक लाँग टन म्हणजे सुमारे १०१६ किलो). पाण्यावरच्या लांबीला १०० ने भागून त्याचा घन करा आणि वजनाला त्याने भागा. ५ टनांच्या, २५ फूट लांबीच्या बोटीसाठी उत्तर ३२० येतं. ३०० च्या वर गेली तर ती जड, २०० ते ३०० मध्यम, त्याखाली हलकी. जड बोट लाटेत मऊ चालते, आतल्या माणसाला दमवत नाही, पाण्याचा आणि शिध्याचा भार सहज घेते. हलकी बोट लवकर पोहोचवते. तुम्ही बोटीवर राहणार आहात की तिच्याशी खेळणार आहात, यावर तुमची निवड ठरेल.

तिसरी पायरी : ती कलली तर परत उठेल का?

हा प्रश्न विचारायला नवख्याला संकोच वाटतो. वाटू देऊ नका. सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न तोच आहे.

बोट दोन गोष्टींमुळे सरळ राहते. एक तिची रुंदी आणि दुसरं तळाशी बसवलेलं शिशाचं किंवा लोखंडाचं वजन, म्हणजे बॅलास्ट. रुंद बोट सुरुवातीला अजिबात कलत नाही, म्हणून फेरफटक्यात ती जास्त भरवशाची वाटते. पण एका मर्यादेपलीकडे गेली की तीच रुंदी तिला उलटीच ठेवू पाहते, पाण्यावर उलटा पडलेला पाट आपणहून पालटत नाही तसं. अरुंद, खोल वजनाची बोट चटकन कलते, नवख्याला घाबरवते, आणि मग तिथेच घट्ट उभी राहते. भारी लाटेने आडवी केली तरी उठते.

इंग्लंड-आयर्लंडजवळच्या समुद्रात होणाऱ्या फास्टनेट शर्यतीने १९७९ साली हा धडा फार कठोरपणे दिला. ३०३ बोटी निघाल्या, वाटेत वादळाने गाठलं आणि १५ स्पर्धकांचा जीव गेला. त्यानंतर बोटी उलटण्याचा अभ्यास गांभीर्याने सुरू झाला. सर्वांत लहान बोटींच्या गटातून शर्यत पूर्ण करणारी बोट एकच होती, ‘असेंट’. ती काँटेसा-३२ जातीची होती : अरुंद, खोल, भरपूर बॅलास्टची.

म्हणून कुठलीही बोट पाहताना विचारा, किती अंश कलेपर्यंत ती स्वतः सरळ होते? खुल्या समुद्रासाठी साधारण १२० अंशांच्या वरचा आकडा ऐकायला मिळाला पाहिजे. बॅलास्ट एकूण वजनाच्या किती, हेही विचारा. समुद्रगामी बोटींत ते बहुधा एक तृतीयांश ते दोन पंचमांश असतं. वजन किती खोलवर आहे यावरही पुष्कळ अवलंबून असतं, त्यामुळे एकाच आकड्यावर विसंबू नका.

दोन किंवा तीन धडांच्या बोटींना हे गणित लागू नाही. त्यांच्यात बॅलास्ट नसतोच, सगळी मदार रुंदीवर. त्या वेगवान, मोकळ्या, न कलणाऱ्या असतात. एकदा उलटल्या तर मात्र उलट्याच राहतात, जरी सहसा बुडत नाहीत. कुटुंबाबरोबर उष्ण, शांत समुद्रात राहायचं असेल तर त्यांच्याइतकी सोय कुठे मिळणार नाही. माझा जीव एका धडाच्या बोटीत अडकलेला आहे, म्हणून याहून जास्त लिहीत नाही.

चौथी पायरी : आता वर पाहा

एक डोलकाठी, तिच्या पुढे एक शीड आणि मागे एक, ही झाली स्लूप. आज दिसणाऱ्या बहुतेक बोटी स्लूपच. वाऱ्याच्या दिशेने तिरकं चढायला हिच्याइतकी सोपी आणि कार्यक्षम मांडणी नाही. काठीच्या पुढे दोन शिडं असतील तर कटर. वारा वाढला की बाहेरचं मोठं शीड गुंडाळायचं आणि आतल्या छोट्यावर चालायचं. वादळी हवेत शिडांचा जोर काठीच्या जवळ राहतो, म्हणून लांबच्या प्रवाशांना कटर प्रिय आहे.

दोन काठ्या असून मागची आखूड असेल, तर ती केच किंवा यॉल. फरक शोधायची जुनी खूण अशी : मागची काठी सुकाणूच्या खांबाच्या पुढे असेल तर केच, मागे असेल तर यॉल. केचमध्ये शिडाचा पसारा तीन तुकड्यांत वाटला जातो आणि प्रत्येक तुकडा एका माणसाला आवरता येतो. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांची ‘सुहेली’ अशीच ३२ फुटी केच होती, मुंबईत सागवानात बांधलेली, आर्चर यांच्या टोकदार पिछाडीची वंशज. १४ जून १९६८ रोजी निघून ३१२ दिवसांनी, २२ एप्रिल १९६९ रोजी ते गोल्डन ग्लोब शर्यतीत एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीला वळसा घालून परतले. त्याच शर्यतीत बर्नार मॉइतेसिए यांची पोलादी ‘जोशुआ’ही केचच होती. विंच (दोऱ्या ओढायच्या चरख्या) आणि गुंडाळता येणारी शिडं आल्यापासून एक माणूस मोठ्या स्लूपवरही सहज काम करतो, त्यामुळे केचची गरज कमी झाली आहे. पण मधलं मोठं शीड उतरवून पुढचं-मागचं ठेवून वादळातून निघालेली केच पाहा, तो तोल वेगळाच असतो.

दोन किंवा जास्त काठ्या, मागची पुढच्यापेक्षा उंच किंवा तेवढीच : स्कूनर. डोळ्यांना सगळ्यात देखणी तीच वाटते. आडव्या वाऱ्यात ती धावते, वाऱ्यावर चढताना मात्र स्लूपला हरते.

शिडाचा आकारही पाहा. त्रिकोणी असेल तर बर्म्युडा, वाऱ्याच्या तोंडाशी चालायला उत्तम. चौकोनी, वर तिरकी दांडी असलेलं असेल तर गाफ. त्याला उंच काठी लागत नाही आणि मागून येणाऱ्या वाऱ्यात ते भरभरून ओढतं. शिडात आडव्या पट्ट्या असतील आणि काठीला ताण देणाऱ्या तारा नसतील तर चिनी जंक. १९६० च्या पहिल्या एकल अटलांटिक शर्यतीत ब्लाँडी हॅस्लर यांनी २५ फुटी ‘जेस्टर’वर हेच शीड लावलं होतं. दोरी सैल सोडली की शीड पट्टी-पट्टीने घडी होऊन खाली बसतं, डेकवर जाऊन भिजावं लागत नाही. हॅस्लर दुसरे आले. मला विचाराल तर त्या शर्यतीतली सगळ्यात मोलाची गोष्ट ते शीडच होतं.

पाचवी पायरी : मोठी जहाजं काठ्यांवरून ओळखा

दुरून एखादं भव्य शिडाचं जहाज दिसलं की सगळेच ‘केवढं मोठं!’ म्हणतात. तुम्ही काठ्या मोजा आणि प्रत्येक काठीवर आडव्या दांड्यांची चौरस शिडं आहेत का, ते पाहा. इंग्रजीत या मांडण्यांना ठरलेली नावं आहेत आणि ती पाठ करायला एक दुपार पुरते. तीन किंवा अधिक काठ्या, सगळ्यांवर चौरस शिडं, तर ते फुल-रिग्ड शिप. शेवटची काठी सोडून बाकी सगळ्यांवर, तर बार्क. फक्त पहिल्या काठीवर, तर बार्कंटीन. दोनच काठ्या आणि दोन्हींवर चौरस, तर ब्रिग.

चौरस शीड म्हणजे मागून येणाऱ्या वाऱ्याचं शीड. महिनोन्‌महिने एकाच दिशेने वाहणाऱ्या व्यापारी वाऱ्यांसाठी ते घडलं. वाऱ्याच्या तोंडाकडे ते साधारण ६५-७० अंशांपर्यंतच जाऊ शकतं, तर चांगली स्लूप ४५ अंशांच्याही आत जाते. चौरस शिडाला माणसंही फार लागतात, कारण ती आवरायला काठीवर चढावं लागतं. स्कूनरची शिडं डेकवरूनच चढतात. म्हणूनच १९०२ साली बांधलेल्या सात काठ्यांच्या ‘थॉमस डब्ल्यू. लॉसन’ या स्कूनरला, वाफेच्या विंचांच्या मदतीने, वीसहून कमी माणसं पुरत.

‘कटी सार्क’ची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. चीनचा चहा सगळ्यांच्या आधी इंग्लंडला पोहोचवण्याच्या शर्यतीसाठी बांधलेलं हे जहाज २२ नोव्हेंबर १८६९ रोजी पाण्यात उतरलं. त्याच्या पाचच दिवस आधी सुएझ कालवा उघडला होता, आणि त्या कालव्याने वाफेच्या जहाजांना चहाचा जवळचा रस्ता दिला. ज्या कामासाठी ती घडली ते काम तिच्या जन्माच्याच आठवड्यात हातचं निसटू लागलं. पुढे ऑस्ट्रेलियाची लोकर आणताना, दक्षिणेकडच्या दणदणीत पश्चिमी वाऱ्यांत, तिने खरं नाव कमावलं. लोखंडी सांगाड्यावर लाकडी फळ्या, धारदार नाळ आणि कमाल १७.५ नॉट वेग. आज ती ग्रीनिचला कोरड्यात उभी आहे. तिथे जाण्याचा योग आला तर डेकवर नंतर जा. आधी तळाखाली उभं राहून नाळेकडे पाहा, पहिली पायरी आठवेल.

सहावी पायरी : आत उतरा, पण समुद्राच्या डोळ्यांनी पाहा

धक्क्यावर स्थिर असलेल्या बोटीत मोठी खोली आकर्षक वाटते. ती ३० अंश कलली आहे अशी कल्पना करा. पडताना हात कशाला धराल? बिछाना इतका अरुंद आहे का, की झोपेत गडगडणार नाही? स्वयंपाक करणाऱ्याला पाठ टेकायला जागा आहे? बसायच्या खड्ड्यात लाट भरली तर पाणी किती वेळात निघेल, आणि खाली उतरायच्या दारात पाणी अडवणारा उंबरा आहे का? बोटीची लांबी आणि झळाळी बाजूला ठेवून हे प्रश्न विचारा. चांगल्या सागरी बोटी आतून बऱ्याचदा किंचित अंधाऱ्या, अडचणीच्या वाटतात. त्याचं कारण हेच.

शेवटची पायरी : हात सोडून पाहा

कुणी फेरीला नेलं, तर मध्यम वाऱ्यात बोट शिडांवर नीट चालू लागल्यावर, चालकाची परवानगी घेऊन सुकाणूचा दांडा क्षणभर सैल सोडा. बोट हळूच वाऱ्याकडे तोंड वळवू लागली तर ठीक, मोकळ्या सोडलेल्या बोटीने वेग टाकून थांबावं हेच सुरक्षित. ती झपाट्याने वळली तर शिडांचा जोर फार मागे पडतो आहे, मागचं शीड थोडं कमी करावं लागेल. ती वाऱ्यापासून दूर पळू लागली तर अशा बोटीवर मी तरी रात्रीचा पहारा घेणार नाही. आणि काही क्षण ती तशीच, आपल्या वाटेने सरळ चालत राहिली, तर तळापासून शेंड्यापर्यंत तुम्ही आतापर्यंत पाहिलेलं सगळं एकमेकांशी जुळलं आहे असं समजा. जोशुआ स्लोकम यांची ‘स्प्रे’ ३७ फुटांहून किंचित लहान आणि १४ फुटांहून जास्त रुंद, जुन्या घाटाची बोट होती. तिच्यावरून त्यांनी १८९५ ते १८९८ मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाजवळच्या थर्सडे बेटापासून हिंदी महासागरातल्या कीलिंग बेटांपर्यंतच्या २७०० मैलांना २३ दिवस लागले. त्यात आपण सुकाणूपाशी एकंदर तीन तासांहून जास्त नव्हतो, अशी त्यांनी नोंद केली आहे.